पळती फळी आणि आपला रस्ता



आजचा विषय तुम्हीच दिलेला आहे. शेंडी, मुतखेल, रतनवाडी या बाजूच्या गटांमधून आम्हाला सारखी एकच विचारणा होत होती. पाहुण्यांच्या गाड्यांमधून एक लांबट फळी निघते. तिला खाली चार छोटी चाकं. पोरगा तिच्यावर उभा राहतो, हाताला ना हँडल ना दोरी, पायाने ढकलतही नाही, आणि फळी भर्रकन निघून जाते. हे आहे तरी काय? आणि लगेच दुसरा प्रश्न : आमचा नातू मोबाईलवर तेच बघतो आणि मागतो, त्याला काय सांगायचं?

तिला इलेक्ट्रिक स्केटबोर्ड म्हणतात. आपण आज तिला फळीच म्हणू. तुम्ही म्हणाल, एवढ्या महागाची वस्तू आपल्या घरात कुठे यायची? चांगली दुभती गाय यावी एवढे पैसे तिला पडतात, हे खरंच. पण ज्या रस्त्यावर ती पळते तो रस्ता आपला आहे. आणि तिच्यासारखीच बॅटरीवर चालणारी स्कूटर आता आपल्या अंगणातही आलीय. म्हणून फळी समजून घेतली की स्कूटरचंही अर्धं समजतं.

आधी ती चालते कशी ते बघू. वरची फळी लाकडाची, साधारण हात-दोन हात लांब. खाली लोखंडी आस आणि रबरासारख्या टणक प्लास्टिकची चाकं. चाकात किंवा चाकाजवळ मोटर. फळीच्या पोटाला चपटी पेटी, तिच्यात टॉर्चच्या सेलसारखे दिसणारे लिथियमचे पुष्कळ सेल ओळीने जोडलेले. स्वाराच्या मुठीत छोटा रिमोट. अंगठा पुढे केला की वेग, मागे घेतला की ब्रेक. वळायचं असेल तर अंग त्या बाजूला झुकवायचं. एवढंच यंत्र.

ताकदीचा अंदाज हवा असेल तर आपल्या घरगुती पिठाच्या गिरणीकडे बघा. ती बहुधा एक हॉर्सपॉवरची, म्हणजे साडेसातशे वॅटच्या आसपास असते. वेगवान फळीला दोन मोटरी लावतात आणि दोन्ही मिळून दोन-तीन हजार वॅट ताकद देतात. तीन-चार गिरण्यांचा जोर एका माणसाच्या पायाखाली, आणि आवाज मात्र टेबलफॅनएवढा. ताशी ४० किलोमीटर वेग त्या सहज गाठतात. स्लोव्हेनिया नावाच्या देशात २०१५ साली मिशो एर्बान या स्वाराने विमानतळाच्या धावपट्टीवर अशा फळीवरून ताशी ९५.८३ किलोमीटरचा विक्रम नोंदवला. आपल्या घाटात एसटीसुद्धा एवढी पळत नाही.

मग माणसं हे करतात कशाला? हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. आपल्याच गावात पोरं जुन्या बेअरिंगचा गाडा बनवतात. तीन बेअरिंगा, एक पाटी, दोन खिळे, आणि उतारावरून खडखड करत खाली. तो आनंद ज्यांनी घेतलाय त्यांना फळीचं वेगळं सांगायला नको. वारा तोंडावर येतो, पोटात खड्डा पडतो, छाती धडधडते, आणि उतार संपला की पुन्हा वर जावंसं वाटतं. वेगात शरीर सगळीकडून जागं होतं. गाडीत बसल्यावर काच, पत्रा, सीट यांच्या आडोशाला वेग कळत नाही. फळीवर उभं राहिलं की तो तळव्यांतून कळतो. आणि तोल सांभाळणं ही काही सोपी कला नाही. डोक्यावर दोन हंडे आणि कडेवर पोर घेऊन बांधावरून चालणाऱ्या बाईला तोल म्हणजे काय हे कोणी शिकवायला नको.

मोटर नसलेली फळी, जी पायाने ढकलायची, ती तर आता ऑलिम्पिकचा खेळ आहे. २०२१ साली टोकियोला या खेळाचं मुलींचं पहिलं सुवर्णपदक जपानच्या मोमिजी निशिया हिने घेतलं, तेव्हा ती १३ वर्षांची होती. आपल्या देशात मध्य प्रदेशातल्या पन्ना जिल्ह्यात जनवार नावाचं गाव आहे. तिथे २०१५ मध्ये उलरिके राइनहार्ड या जर्मन बाईंनी पोरांसाठी स्केटबोर्डचं मैदान बांधलं. नियम दोनच : शाळा चुकवली तर फळी नाही, आणि मुलींचा नंबर आधी. त्या मैदानावर शिकलेली आशा गोंड ही आदिवासी मुलगी २०१८ मध्ये चीनमधल्या नानजिंगला जागतिक स्पर्धेत भारतातर्फे उतरली. २०२२ मध्ये गुजरातेत राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा झाल्या, तिथे आपल्या महाराष्ट्राच्या श्रद्धा गायकवाडने या खेळाचं सुवर्णपदक आणलं. तेव्हा 'हे पोरींचं काम नाही' असं कोणी म्हणालं तर ही नावं सांगा.

पण बांधलेलं मैदान वेगळं आणि धरणाकाठचा रस्ता वेगळा. पायाने ढकललेली फळी वेगळी आणि तीन गिरण्यांची ताकद असलेली फळी वेगळी. आता त्या फरकाकडे येऊ.

वेग ही गोष्ट डोळ्याला फसवते, कारण आकडा वाचून अंगावर काटा येत नाही. ताशी २० काय नि ४० काय, दुप्पट एवढंच वाटतं. म्हणून आम्ही तुम्हाला एक वेगळं माप देतो : उंची. उंचावरून पडल्यावर माणूस जमिनीवर ज्या वेगाने आदळतो, त्याच वेगाने तो झाडावर, दगडावर किंवा दुसऱ्या गाडीवर आदळला तर मार तेवढाच. ताशी १० किलोमीटरने आदळणं म्हणजे सव्वा फुटावरून पडणं, ओट्यावरून पाय घसरल्यासारखं. ताशी २० म्हणजे पाच फुटांवरून. आणि ताशी ४०? दहा फूट म्हणाल, पण नाही. वीस फुटांवरून. दुमजली घराच्या छपरावरून. वेग दुप्पट केला की उंची चौपट होते. ताशी ६० ला ती शेहेचाळीस फुटांवर जाते, भल्या मोठ्या आंब्याच्या शेंड्यावर.

आता आपल्या धरणाची भिंत डोळ्यांसमोर आणा. १९२६ साली पुरं झालेलं हे विल्सन धरण सुमारे ८२ मीटर उंच आहे. त्या एर्बानचा ताशी ९५ चा वेग म्हणजे सुमारे ३६ मीटरवरून पडणं, भिंतीच्या निम्म्याला थोडं कमी. २०१७ साली कॅनडात पीटर कॉनॉली नावाचा स्वार मोटर नसलेल्या फळीवरून उतारावर ताशी १४६.७३ किलोमीटरने गेला. तो वेग म्हणजे आपल्या धरणाच्या माथ्यावरून थेट पायथ्याला. असे स्वार कातड्याचा अंगभर सूट घालतात, पूर्ण तोंड झाकणारं हेल्मेट घालतात, मोकळा केलेला रस्ता आणि वर्षांचा सराव त्यांच्यामागे असतो. मोबाईलच्या पडद्यावर यातलं काही दिसत नाही, फक्त पळणारी फळी दिसते.

पडणारा प्रत्येक जण झाडावर आदळतो असं नाही. पुष्कळदा तो डांबरावर घसरत जातो. तेव्हा मार कमी बसतो, पण कातडी किसणीवर खोबरं किसावं तशी निघते. आणि पडताना माणूस आपसूक हात पुढे करतो, म्हणून मनगट मोडतं. कोपर, गुडघा, गळ्याजवळचं हाड हे त्याच्या मागोमाग. डोकं आपटलं तर पुढचं सगळंच बदलतं.

माणूस पडतो का, याचं पहिलं कारण चाकात आहे. आपल्या बैलगाडीचं चाक एवढं उंच का केलं असेल? मोठं चाक दगडावर चढून पलीकडे उतरतं, लहान चाक त्याच दगडाला अडतं. स्कूटरचं चाक वितीपेक्षा मोठं. फळीचं चाक मात्र तीन-चार बोटं उंचीचं, चहाच्या कपाएवढं. खडीचा एक खडा, रस्त्याला पडलेली भेग, गतिरोधकाची कड, वाळलेला शेणाचा पोह, आंब्याची कोय, यातलं काहीही त्याला पुरतं. फळी जागीच थांबते आणि वरचा माणूस थांबत नाही. एसटीने करकचून ब्रेक मारला की आपण पुढच्या बाकावर जातो ना, तसंच. एसटीत धरायला दांडा असतो, फळीवर काहीच नसतं. पायसुद्धा बांधलेले नसतात, नुसते टेकलेले.

वेग वाढला की आणखी एक गोष्ट होते. फळी डावी-उजवी थरथरू लागते, आणि थरथर आपोआप वाढत जाते. घाबरलेला माणूस अंग मागे टाकतो, त्याने ती आणखी वाढते. जाणकार स्वार पुढच्या पायावर भार देऊन, गुडघे सैल सोडून हळूहळू वेग उतरवतो. नवख्याला तेवढा अवकाशच मिळत नाही.

आणि ब्रेक. इथे एक गंमत आहे, गंमत म्हणजे धोकाच. पुष्कळ फळ्यांना सायकलसारखा चाकाला घासणारा ब्रेक नसतो. मोटरच उलटं काम करते. जुन्या सायकलला डायनामो लावला की पायडल जड व्हायचं, आठवतंय? तसंच इथे. मोटर डायनामो होते, चाक जड होतं, फळी मंदावते आणि तयार झालेली वीज बॅटरीत परत जाते. फार हुशारीची युक्ती. पण बॅटरी आधीच काठोकाठ भरलेली असली तर वीज जाणार कुठे? भरलेल्या हंड्यात पाणी मावत नाही. रात्रभर चार्ज केलेली फळी घेऊन पोरगा उंचावरच्या तंबूतून निघाला आणि पहिल्याच उताराला लागला, की ब्रेक कमजोर पडू शकतो किंवा सुटूही शकतो. बॅटरी अगदी संपत आली तरी ब्रेकचा भरवसा राहत नाही. रिमोटचा संपर्क तुटला तरी तेच. आपल्याकडचा रस्ता तर चढ-उतार आणि वळणांचाच आहे. पावसाळ्यात त्याच्यावर डोंगराची माती आणि खडी वाहून येते, कडेला शेवाळ धरतं, आणि रंधा धबधब्यापासून घाटघरपर्यंत धुकं असं उतरतं की चार हातांवरचं म्हसरू दिसत नाही. ओल्या डांबरावर ती गुळगुळीत चाकं साबणासारखी घसरतात. आमचं मत विचाराल तर पावसाळ्यात धरणाच्या रस्त्यावर ही फळी चालवूच नये. बाकीच्या दिवसांत भरवस्तीत नको.

इतका वेळ आपण फळीवरच्या माणसाचा विचार केला. त्याने निदान आपण होऊन धोका पत्करलेला असतो. पण त्याच रस्त्याच्या कडेने कोण चालतं? डोक्यावर मोळी घेतलेली बाई चालते. मोळी घेतलेल्या बाईला मान वळवता येत नाही, ती कानाने रस्ता बघते. बैलांची घुंगरं, एसटीचं घरघरणं, दुधाच्या गाडीचा भोंगा, मोटरसायकलचा आवाज, यांवरून ती कुठे सरकायचं ते ठरवते. बॅटरीवरच्या गाडीने हा कानच काढून घेतलाय. फळी येते ती टायरच्या सळसळीएवढ्या आवाजात. ताशी ४० चा वेग म्हणजे सेकंदाला अकरा मीटर. दहा मीटरवर आल्यावर तिची चाहूल लागली तर बाईच्या हातात पुरता एक सेकंदही नाही. आणि स्वाराने तिला बघितलं तरी ब्रेक लावायचं डोक्यात येऊन अंगठा हलेपर्यंतच अकरा मीटर निघून गेलेले असतात, थांबायचं अंतर त्याच्यापुढे. आश्रमशाळेतून घरी निघालेली मुलं रस्ताभर पसरून चालतात. म्हातारी माणसं एका कानाने कमी ऐकतात. गुरांना तर हॉर्नचीही पर्वा नसते.

परदेशात हा बिनआवाजी धोका कायद्यानेच ओळखला आहे. युरोपात २०१९ पासून नव्या इलेक्ट्रिक मोटारींना हळू चालताना मुद्दाम आवाज करणारं यंत्र बसवावं लागतं. ते मोटारींसाठी. फळीला असं काही नाही.

मे अखेर आणि जूनच्या सुरुवातीला काजवे बघायला जी गर्दी लोटते, तेव्हा हे सगळं रात्री होतं. अंधार पाहिजे म्हणून दिवे मंद केलेले, रस्त्याच्या दोन्ही कडांना गाड्या, मधून माणसांचे थवे. अशा वेळी कोणी फळी किंवा बिनआवाजी स्कूटर दामटली तर तो वेडेपणा आहे, दुसरा शब्द नाही. ज्या गटांच्या खानावळी आहेत, तंबू आहेत, घरगुती मुक्कामाची सोय आहे, त्यांच्या हातात इथे पुष्कळ आहे. पाहुणा उतरला की जेवणाचं विचारताना हेही सांगता येतं : फळी चालवायची तर सकाळी, आवाराच्या आत, सपाटीला, हेल्मेट घालून, रस्त्यावर नाही. पाहुणे ऐकतात. ऐकलं नाही तर गावातल्या चार जणी मिळून सांगा, आणि तरीही नाही तर राजूर पोलीस ठाणं आहे. काजव्यांच्या हंगामाआधी ग्रामसभेत हा विषय काढला तर वनखात्याच्या माणसांसमोरही बोलता येईल, कारण हा सारा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या कुशीत आहे.

कायदा काय म्हणतो? अशा वेगवान फळीची आरटीओत नोंदणी होत नाही. तिला नंबरप्लेट नाही, विमा नाही. तिने कोणाला धडक दिली तर औषधपाण्याचा खर्च विमा कंपनीकडे मागायची सोयच नाही. मालक पळून गेला तर ओळखायचा कसा, हाही प्रश्न आहेच.

इथून आपल्या अंगणातल्या स्कूटरकडे वळू, कारण खरी गोम तिथे आहे. बॅटरीच्या दुचाकीला कायद्यात एक सूट आहे. मोटर २५० वॅटपर्यंत, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत, अशी गाडी असेल तर नोंदणी लागत नाही, परवानाही लागत नाही. म्हाताऱ्या माणसाला दवाखान्यात जायला, बाईला दळण आणायला ही सोय उत्तम आहे, आम्ही तिच्या बाजूने आहोत. पण काही ठिकाणी दुकानदारच एक वायर काढून किंवा सेटिंग बदलून त्या गाडीचं कुलूप उघडून देतात. मग २५ ची गाडी ४०-४५ ने पळते, आणि कागदावर ती अजून खेळण्यासारखीच. महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने २०२२ मध्ये अशा बदल केलेल्या गाड्यांविरुद्ध तपासणी मोहीमही काढली होती. 'लायसन लागत नाही ताई, पोरगं पण चालवेल' असं दुकानदार म्हणाला की दोनच गोष्टी विचारा. वेग किती? आणि मोटर किती वॅटची? २५ च्या वर पळणाऱ्या इलेक्ट्रिक गाडीला नोंदणी लागते आणि हिरवी नंबरप्लेट लागते, त्यावर पांढरी अक्षरं. हिरवी प्लेट नाही आणि गाडी ४० ने पळते, म्हणजे तुमच्या गळ्यात घोटाळा मारला आहे. अपघात झाला तर विमा नाही, समोरच्याची भरपाई घरातून. बचतगटाचं कर्ज काढून घेतलेली गाडी असेल तर हप्ता एकीकडे आणि भरपाई दुसरीकडे.

नोंदणी लागणारी गाडी अल्पवयीन मुलाच्या हाती दिली आणि त्याच्याकडून गुन्हा घडला, तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालक किंवा गाडीमालक जबाबदार धरला जातो. २५ हजार रुपये दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत परवाना नाही. गाडी बहुतेक घरी आता बाईच्या नावावर घेतात. मालक म्हणून नाव कोणाचं लागेल ते तुमच्या लक्षात आलं असेल.

मुलींना स्कूटर देऊ नये, असं मात्र कोणी यातून काढू नका. राजूरला, अकोल्याला कॉलेजात जायला एसटी वेळेवर नसते तेव्हा शिक्षण सुटतं ते मुलीचंच. वय झालं, परवाना काढला की द्या. सोबत हेल्मेट द्या, एवढंच. ते आयएसआय शिक्क्याचं पाहिजे, रस्त्याकडेला मिळणारी दीडशे रुपयांची टोपी नको. पट्टा हनुवटीखाली घट्ट बांधलेला पाहिजे, दोन बोटं जातील इतकाच सैल. कोपराला अडकवलेलं हेल्मेट फार तर कोपर वाचवतं. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी आतला थर्मोकोल चेपलेला असतो, ते बदलायचं. मागे बसणाऱ्या बाईलाही हेल्मेट लागतं, चार वर्षांवरच्या पोरालाही. आणि ओढणी, पदर : मागच्या चाकाला निम्मं तरी झाकणारी जाळी असली पाहिजे असा नियमच आहे, गाडी घेताना ती आहे ना ते बघून घ्या. पदर खोचून बसा, ओढणी मागे बांधा. गळ्यातली ओढणी चाकात गेली की ती सोडवायला वेळ मिळत नाही.

फळी चालवणारा स्वतःच्या पोटचा असेल, मुंबई-पुण्याहून आलेला भाचा असेल, तर त्याला हेल्मेटबरोबर मनगटाची, कोपराची, गुडघ्याची पट्टी बांधायला लावा. नवीन फळीला बहुधा हळू चालण्याचं सेटिंग असतं, ते लावायला सांगा. शाळेचं पटांगण सुट्टीच्या दिवशी रिकामं असतं. तिथे पडायचंही शिकता येतं : हात ताठ पुढे न करता अंग गोळा करून खांद्यावर लोळायचं.

कोणी पडलंच, तर काय करायचं ते आता नीट ऐका. डोक्याला मार असेल तर लगेच उठवून बसवू नका, मान वाकडी करू नका, तोंडात पाणी घालू नका. कांदा हुंगवणं, चप्पल हुंगवणं, काही नको. १०८ ला फोन करा. श्वास चालू आहे ना ते बघत राहा. उलटी होतेय, झोप येतेय, बोलणं अडखळतंय, एक बाहुली मोठी एक लहान दिसतेय, कानातून किंवा नाकातून रक्त किंवा पाणी येतंय, तर पोरगा 'मी बरा आहे' म्हणाला तरी ऐकू नका. ही लक्षणं कधी कधी काही तासांनी दिसतात, म्हणून ती रात्र त्याच्याजवळ कोणीतरी जागं राहावं. राजूरच्या ग्रामीण रुग्णालयात पहिले उपचार होतील, पण डोक्याच्या तपासणीसाठी नाशिक किंवा संगमनेर गाठावं लागू शकतं, आणि आपल्या रस्त्यांनी तिथे जायला दीड-दोन तास मोडतात. तेवढा वेळ धरूनच निर्णय घ्या. खरचटलेल्या जागी हळद, चुना, तंबाखू भरू नका. स्वच्छ पाण्याने भरपूर धुवा, खडी निघेल तेवढी निघू द्या, कोरडं स्वच्छ कापड बांधा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. जखमीला दवाखान्यात नेणाऱ्याला पोलीस त्रास देतील या भीतीने कोणी मागे राहू नये. मदत करणाऱ्याला आता कायद्याचं संरक्षण आहे, नाव सांगायची सक्तीही नाही.

राहिली बॅटरी. फळी असो की स्कूटर, तिचा हा भाग घरात येतो, आणि घर आपलं असतं. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेली स्कूटरची बॅटरी फुटली आणि त्यात भाजलेल्या सात वर्षांच्या मुलाचा जीव गेला. लिथियमच्या बॅटरीत एका सेलने पेट घेतला की शेजारचा तापतो, मग त्याच्या शेजारचा, आणि ती आग मिनिटा-दोन मिनिटांत भडकते. म्हणून झोपायच्या खोलीत आणि बाहेर पडायच्या दारात चार्जिंग नको. गवताची गंजी, सरपण, धान्याच्या गोण्या, गॅसची टाकी यांच्यापासून लांब, ओसरीत, फरशीवर, जागेपणी. आलेलाच चार्जर वापरायचा, बाजारातला स्वस्त दुसरा नाही. गाडी उन्हातून आली तर आधी गार होऊ द्यायची. पावसात भिजलेली बॅटरी लगेच लावायची नाही. पडलेल्या, आदळलेल्या फळीची किंवा गाडीची बॅटरी आधी तपासून घ्यायची. ती फुगलेली दिसली, गरम लागली, गोडसर किंवा रसायनासारखा वास आला, तर बोर्डाचं बटण बंद करायचं, ती उघड्यावर न्यायची आणि माणसांना लांब करायचं. धूर निघायला लागला असेल तर मात्र तिला हात लावायचा नाही. मेन स्विच बंद करून सगळ्यांना घराबाहेर काढायचं आणि ११२ ला फोन करायचा. खराब झालेली बॅटरी उकिरड्यावर टाकायची नाही, चुलीत तर नाहीच, आणि पोरांना सेल काढून खेळायलाही द्यायची नाही. जिथून गाडी घेतली त्या दुकानात ती परत द्यायची. परत घेणं ही विकणाऱ्या कंपनीची जबाबदारी आहे, तसा २०२२ चा नियम आहे. दुकानदार टाळाटाळ करू लागला तर गटातल्या चार जणी मिळून जा.